माझ्या मांडीतलं सिमेंट

डॉक्टरबाईंच्या टेबलावर तीन खुंट्या मांडल्या होत्या. त्या त्यांना स्टेम म्हणत होत्या, माझा मुलगा इम्प्लांट म्हणत होता, आणि मी मनातल्या मनात खुंट्याच म्हणत होते, कारण दिसायला तशाच होत्या. वर जाड, खाली निमुळत्या आणि वरच्या टोकाला तिरकी मान. खुब्याचा सांधा बदलायचा म्हणजे मांडीच्या हाडाचं झिजलेलं डोकं कापून टाकायचं, हाडाच्या पोकळीत यातली एक खुंटी उतरवायची आणि तिच्या मानेवर गुळगुळीत गोळा बसवायचा. एवढं मला पहिल्या फटक्यात कळलं. कळलं नाही ते हे, की मांडी माझी असताना सगळी बोलणी मुलाशी का चालली आहेत.

"ही सिमेंटवाली," डॉक्टरबाई त्याला सांगत होत्या. "ही बिनसिमेंटची. हिच्या अंगाला खरखरीत लेप आहे, त्यात हाड वाढतं आणि हिला धरून ठेवतं. ही तिसरी आखूड, तीही बिनसिमेंटचीच. बहुतेक तरुण पेशंटला वापरतो, म्हणजे पुढे कधी परत ऑपरेशन करायची वेळ आली तर हाड शिल्लक राहतं."

मुलगा खुर्चीत पुढे सरकला. तो पनवेल आणि आसपास इमारती बांधतो. त्यामुळे कुठल्याही वस्तूला तो नमुना फ्लॅट बघायला गेल्यासारखाच बघतो.

"मॅडम, यातली लेटेस्ट कोणती?"

"लेटेस्ट म्हणून कुणाला देत नाही आम्ही. ज्याचं हाड जसं, तशी खुंटी..." खुंटी हा शब्द त्यांच्याही तोंडून गेला, म्हणून त्या मला तिथेच आवडल्या.

"तरी पण. लेटेस्ट?"

मी हात लांब करून मधली उचलली. दिसते त्यापेक्षा हलकी निघाली. अंगावरून बोट फिरवलं, तर नुकतीच टाकी लावून आणलेल्या पाट्यासारखी खरखर.

"मला ही," मी म्हणाले.

टेबलावरचा फोन आपण होऊन बोलावा, तसं दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"का आजी?"

"कुऱ्हाडीचा दांडा पाचर ठोकून बसवतात. लाकूड चांगलं असलं तर हलायचं नाव नाही. कोयत्याची मूठ लाख भरून बसवतात. लाख तडकली की मूठ हातात आणि कोयता शेजाऱ्याच्या अंगणात. मला कुऱ्हाड करा, कोयता नको. आणि माझी हाडं मिठागरातली आहेत, सांगून ठेवते."

हे शेवटचं मी मान ताठ करून म्हणाले. माझं माहेर उरणकडच्या मिठागरात. तिथल्या बांधांवरून मी डोक्यावर मिठाची टोपली घेऊन चालायचे, आणि खाडीतून एखादी होडी येताना दिसली की टोपलीचा हात सोडून चालायचे. होडीत कोण आहे हे बघायचीसुद्धा तसदी घेत नसे. एखादा म्हातारा असेल, नाहीतर बोकड. आपण दिसलो पाहिजे, बस. एकदा अशीच हात सोडून मिरवत चालले आणि टोपलीसकट खाऱ्या पाण्यात बसले. आई धावत आली तर तिला म्हणाले, "मीठ तयार झालं का बघत होते." तीच पोरगी त्या दिवशी डॉक्टरबाईंसमोर माझ्या तोंडून बोलली. एवढ्या वर्षांत अक्कल काडीची वाढलेली नाही तिची.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझा एक्स-रे उजेडावर लावला आणि या वेळी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"लाकूड चांगलं असलं तर, असं तुम्हीच म्हणालात. बघा. हाडाच्या या दोन भिंती जाड हव्यात आणि मधली पोकळी खाली निमुळती हवी, नरसाळ्यासारखी. तुमच्या भिंती पातळ आहेत, आणि पोकळी वरपासून खालपर्यंत सरळ रुंद. पाइपसारखी. यात ही ठोकून बसवायला गेले तर हाडालाच चीर जाण्याची भीती आहे."

"मग लाख भरणार?"

"लाखेसारखंच, पण थोडा फरक आहे. लाख चिकटवते. आमचं सिमेंट चिकटवत नाही, मधली जागा भरून काढतं. हाडाच्या बारीक भोकांत शिरून पकडतं. आणि म्हणूनच सिमेंटवाली ही खुंटी गुळगुळीत आहे. सिमेंटच्या आत ती केसभर खाली बसते, आणि बसते तशी आणखी घट्ट होते."

खाली बसून घट्ट होणारी वस्तू. मला ती कल्पना आवडली. पण मी त्या पातळ भिंतींकडे बघत होते. या भिंती कुणी पातळ केल्या, ते मला पक्कं ठाऊक होतं.

लग्न होऊन विचुंब्याला आले तेव्हा गोठ्यात दोन म्हशी होत्या. चहात दूध घालू नकोस असं सासूनं मला कधीही सांगितलं नाही. मीच ठरवलं की चांगली सून काळा चहा पिते. माशाचा तुकडा पुरुषांना, डोकं पोरांना, आणि मी कालवणात भात बुडवून उठायचे. कुणी घे म्हणालं तर, "मला आवडतच नाही." मावरं न आवडणारी आगऱ्याची पोर! गावात अशी मीच एक असेन. सासू बिचारी शेजारणींना सांगत फिरायची, आमची सून खायला फार नाटकी आहे. आणि मला मात्र वाटायचं, माझ्या त्यागाचा डंका वाजतोय. ती काळा चहा पिणारी सून आज समोर आली, तर तिला पाटावर बसवून सुरमईची तुकडी भरवीन आणि दर घासाला एक टपली मारीन.

ऑपरेशनची घाई मला का होती, ते सांगते. मी धवलारीण आहे. आमच्यात लग्न लागतं ते धवलारणीच्या गाण्यावर, म्हणजे धवल्यावर. तांदळाच्या पिठाचा चौक मांडतात, चौकाशी कलश ठेवतात, शेजारी धवलारीण पाटावर बसते आणि एकेक विधी गाऊन पुढे नेते. बाकी बाया मागून सूर धरतात. आमच्या घराण्याची रीत अशी की एकदा बसली की धवला पुरा होईपर्यंत तिनं उठायचं नाही. आजूबाजूच्या गावांत माझ्या धवल्यावर किती संसार उभे राहिले! त्यातले जे मोडले, त्यांचा दोष माझ्या गळ्याला नाही. पण गेली दोन वर्षं खुबा असा धरायचा की पाटावर बसले की दोघींनी ओढून उठवायला लागायचं. आणि आता मुलाच्या मुलीचं, माझ्या नातीचं, लग्न ठरलं होतं. पावसाळा संपल्यावर मुहूर्त. तिला हळद लागताना धवला दुसरी बाई म्हणणार, आणि मी आतल्या खोलीत पलंगावर पडून ऐकणार? त्यापेक्षा मांडीत काहीही ठोका.

घरी आलो आणि मुलानं बैठक बोलावली. आमच्याकडे विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची, बैठक बसतेच. पुरुष बाहेरच्या हॉलमध्ये, बाया आत. बाहेर ठरतं, आत कळतं. आमचे हे गेले तेव्हापासून बैठकीत मधल्या सोफ्यावर माझे धाकटे दीर बसतात. मी लग्न होऊन आले तेव्हा भावजी अर्ध्या चड्डीत कैऱ्या पाडत हिंडायचे. आता त्यांना सगळं पनवेल कॉन्ट्रॅक्टर म्हणून ओळखतं.

मी आतल्या खोलीत खुर्चीवर. दार अर्धं उघडं.

"डॉक्टर सिमेंटवाली बोलतेय," मुलगा सांगत होता. "पण मला ती आखूड बरी वाटते. नवीन आहे."

"सिमेंट? नाय नाय," भावजींचा आवाज. "सिमेंट बिलकुल नाय घालायचा. आपली हवा खारी हाय. चार पावसाळे गेले की सिमेंट फुगतं, आतली सळई गंजते, मग पोपडे सुटतात. माजा सिमेंटवर विश्वासच नाय."

बाकीचे हं, हं करत होते. माझ्या मांडीला गळती लागणार की नाही, यावर दोघांनी मतंही दिली. मग आखूडवर एकमत व्हायला लागलं. बिल्डरच्या आईला सिमेंट भरलं, हे लोकांना सांगायलाही बरं दिसत नव्हतं.

"आणि लग्नाचं काय?" कुणीतरी विचारलं.

"वयनीला आराम," भावजी म्हणाले. "मोरा गावची एक धवलारीण हाय, तिला सांगून ठेवतो मी. वयनी काय, आपण ठरवू ते मान्य करते. कधी नाय बोलली हाय?"

खरंच होतं ते. कधीच नाही बोलले. माझ्या स्वतःच्या मुलीची सोयरीक त्याच हॉलमध्ये जुळली, तेव्हा मी आतून चहाचे कप भरत होते. बाहेरून विचारलं, "काय गं, बरोबर ना?" आणि मी आतून ओरडले, "तुम्ही ठरवाल ते!" मुलगा कुठल्या गावचा तेही मी ऐकलं नव्हतं, चहा उतू चालला होता. नशिबानं जावई चांगला निघाला. भिंतींना रंग कुठला, तुम्ही ठरवाल ते. शेतजमीन द्यायची की ठेवायची, तुम्ही ठरवाल ते. एवढी वर्षं एकच वाक्य बोलून मी गावात समजूतदार बाई म्हणून नाव मिळवलं. पोपट पाळला असता तर त्यालाही मिळालं असतं.

मी काठी घेतली आणि बाहेर गेले. हॉलमधले पुरुष उठायला लागले. पडले की काय मी, असं त्यांना वाटलं असावं. भावजींनी पाय आवरले. मी त्यांच्याच शेजारी मधल्या सोफ्यावर बसले. खुब्यातून कळ गेली, तोंडावर दाखवली नाही.

"भावजी, तुझा सिमेंटवर विश्वास नाही?"

"नाय म्हंजे... वयनी, शरीरात..."

"तू बांधलेल्या इमारतींत माणसं राहतात. त्यांना जाऊन सांगू का हे?"

मुलगा खोकला. कुणीतरी हसू दाबायला पाण्याचा ग्लास तोंडाला लावला.

"हे सिमेंट तुझ्या गोणीतलं नाही. यात वाळू नाही, सळई नाही आणि मी गच्चीवर उभी राहणार नाही. डॉक्टरनं माझं हाड बघितलंय. तुमच्यापैकी बघितलंय कुणी? एक्स-रे गाडीत पडलाय अजून."

"पण आई, आम्ही तुझ्या भल्यासाठीच..."

"ती आखूड खुंटी तुला आवडली ना? मग तुझा खुबा झिजेपर्यंत जपून ठेव. तुझं हाड चांगलं आहे, म्हशीचं दूध तूच प्यायलास. मांडी माझी. आणि धवलाही मीच म्हणणार. मोऱ्याच्या बाईला कळवायचं असेल तर जेवायला ये म्हणून कळव."

बैठक संपली. कशी संपवतात ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसती उठून आत आले. नात मागोमाग आली आणि दार लावून घेतलं.

"आजी! धाकट्या आजोबांचा चेहरा बघितलास? माझा फोन नेमका चार्जिंगला!"

"परत बोलावू का त्यांना?"

दुसऱ्या आठवड्यात डॉक्टरबाईंकडे मी मुलाला नेलं नाही, नातीला नेलं. सगळे प्रश्न मीच विचारले. सिमेंटचं वाईट काय, तेही सांगा म्हटलं. त्यांनी काही लपवलं नाही. सिमेंट भरताना कधी कधी रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून भूलतज्ज्ञ डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. आणि पुढे कधी खुंटी काढायची वेळ आलीच, तर भरलेलं सिमेंट खरवडून काढणं जिकिरीचं. खरखरीत खुंटीत हाड वाढलं की तीही सहज निघत नाही म्हणा, पण तरुण, भक्कम हाडाला ती चांगली साथ देते. ती ठोकताना तुमच्या हाडात चीर पडली, तर मात्र लग्नापर्यंत तुम्ही उभ्या राहाल याची खात्री मी देणार नाही, असं त्या म्हणाल्या.

"आणि सिमेंटवर?"

"सिमेंटवर दुसऱ्या दिवशी उभी करते."

"मग भरा."

हे म्हणताना मिठागरातली ती पोरगी आत जरा रुसली. ठोका ना खरखरीतच, म्हणत होती, बघू काय होतं ते. तिला मी गप्प बसवलं. माझ्या हाडाची वाट लावून वर सल्ला देते!

ऑपरेशनला पाठीत सुई देऊन कमरेखालचं अंग बधिर केलं. मी जागी होते. मधे पडदा. पलीकडे करवत चालली, ठोकाठोकी झाली, थेट सुताराच्या दुकानातली. मग नेलपॉलिशसारखा उग्र वास आला. नातीच्या खोलीत येतो तसा.

"सिमेंट का?" मी विचारलं.

"सिमेंट. आता कुणी हलायचं नाही, घट्ट होईपर्यंत."

ठोकाठोकी थांबली. ठोकणारे हात थांबले, कुणी कुणाशी बोलेना. एवढी शांतता मी मंडपात बायांकडून कधी मिळवू शकले नव्हते. माझ्या डोक्याशी तेवढं यंत्र टिकटिक करत होतं. भीती तेव्हा वाटली, खरं सांगते. रक्तदाबाचं आठवलं. मग मी चौक मांडतानाचा धवला हळूच धरला. यंत्राच्या तालावर तो बरोबर बसत होता.

"छान आहे, आजी," पडद्यापलीकडून डॉक्टरबाई म्हणाल्या. "फक्त पाय हलवू नका."

"पाय माझ्या ताब्यात आहेत कुठे? तुम्हीच धरून बसलाय ना?"

दुसऱ्या दिवशी मला वॉकर धरून उभी केली. बोललेलं खरं केलं बाईनं. मी पाय टेकला आणि वाट बघत राहिले, ती जुनी कळ कधी येते म्हणून. आली नाही. जखमेची ठणक होती, ती वेगळी. एवढ्यात भावजी भेटायला आले आणि दारातच थबकले.

"आजच उभी केली? अरे, पानी तरी मारलं का सिमेंटला? आठवडाभर तरी पानी मारायला लागतं!"

नर्स भिंतीकडे तोंड करून हसली. भावजी चेष्टा करत नव्हते. सगळी हयात त्यांनी स्लॅबवर पाणी मारून घेतलंय, काळजी वाटली की तेच तोंडात येतं. मी म्हटलं, "सलाईन लावलंय की भावजी. चालू आहे पाणी." तेव्हा कुठे आत आले.

पुढची लढाई मात्र मला आधी दिसली नव्हती. खांदा कॉलनीत व्यायाम शिकवणारी मुलगी होती, तिनं मला जिने चढवले, उतरवले, काठीवर आणलं. आणि मग सांगितलं, "मांडी घालून बसायचं नाही. खाली पाटावर तर नाहीच. गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये, नाहीतर गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीतून निसटू शकतो."

पाटावर नाही. म्हणजे धवलारीण नाही.

भावजींच्या कानावर हे जायला वेळ लागला नाही. लगेच घरी आले. या वेळी बैठक न बोलावता, थेट माझ्यासमोर.

"वयनी, आता तू काय करशील? खुर्चीवर बसून धवला? मंडपात? लोक काय बोलतील?"

"खुर्चीवर नाही बसणार."

"हां. मग मोऱ्याच्या बाईला सांगतो."

"पाटावरच बसणार."

मुलाच्या साइटवर दरवाजे करणारा सुतार होता. त्याला बोलावून घेतलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले, त्यानं माझा गुडघा जमिनीपासून मोजला, वर चार बोटं धरायला मी सांगितली. सागवानी पाट, कडेला पितळी फुलं, अगदी नेहमीचा. फक्त पाय असे उंच की खालून मांजर शेपटी वर करून जावं. सुतारानं विचारलं, आजी, याला स्टूल म्हणायचं का? मी म्हटलं, स्टूल म्हणालास तर परत घेऊन जा.

लग्नाच्या दिवशी मंडपात तो पाट चौकाशी ठेवला, तेव्हा बायांमध्ये कुजबुज झाली. नवऱ्याकडच्या एका म्हातारीनं तर वाकून पाटाखाली बघून घेतलं. मी काठी नातीच्या मामीकडे दिली आणि बसले. गुडघा खाली, खुबा वर. समोर खाली कलश, पिठाचा चौक, आणि नात हळदीची वाट बघत बसलेली. भावजी घाईघाईनं आले आणि माझ्या कानाशी लागले.

"वयनी, तू देवाच्या वर बसलीस!"

"देव वर बघून ऐकेल. त्याची मान माझ्या खुब्यापेक्षा बरी आहे."

मोऱ्याची धवलारीणही आली होती. भावजींनी तिला सांगितलं होतंच, जेवायला म्हणून की कशाला, ते मी विचारलं नाही. माझ्यापेक्षा पुष्कळ तरुण, गळा मोठा. तिनं एकदा माझ्या पाटाकडे बघितलं, एकदा भावजींकडे बघितलं, आणि माझ्या पायाशी मांडी घालून बसली.

"आये, तुमी घ्या. आमी मागून हाव."

मी घेतला. पहिली ओळ जरा कापली, दुसरीला आवाज लागला. मागून तिनं सूर धरला, मग सगळ्या बायांनी. नातीला हळद लागली, ती माझ्याकडे बघून रडत होती आणि हसत होती, तोंड सगळं पिवळं. मी मधे उठले नाही, रीत मोडली नाही. मांडीतली खुंटी सिमेंटमध्ये केसभर खाली बसली असेल त्या दिवशी, तर बसली असेल. मला काही टोचलं नाही.

धवला पुरा झाला तेव्हा चारही बाजूंनी हात आले मला उठवायला. मुलाचा, सुनेचा, मोऱ्याच्या बाईचा. मी सगळ्यांना हातानंच थांबवलं, दोन्ही पाय टेकवले आणि उठले. काठीसुद्धा नंतर मागितली.

जेवणं चालू होती तेव्हा भावजी ताट घेऊन माझ्याजवळ आले. त्यांना हल्ली खाली पंगतीला बसता येत नाही, दोन्ही गुडघे कुरकुरतात, ते कुणाला सांगत नाहीत एवढंच. इकडेतिकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"वयनी, तो पाट कुनाकडून बनवून घेतलास गो?"

"का रे?"

"सहज विचारतो."

मी सुरमईची तुकडी संपवली, बोटं चाटली आणि मग म्हटलं, "आधी बैठक बोलव. मी मधल्या सोफ्यावर बसते, तू आत बस. बाहेर ठरलं की कळवते तुला."